पावसाळ्यात मिळणाऱ्या डॉक्सीच्या गोळीमागे आहे मॅट्रिकला दोनदा नापास झालेला एक भारतीय डॉक्टर

दरवर्षी जून-जुलै आला की मुंबईत पाणी तुंबतं. लोक गुडघाभर पाण्यातून वाट काढत घरी पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची सूचना येते. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना भेटा आणि लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून औषध घ्या. डॉक्टर जी गोळी देतात तिचं नाव असतं डॉक्सीसायक्लिन.

ही गोळी टेट्रासायक्लिन नावाच्या अँटिबायोटिक कुटुंबातली. या कुटुंबातलं पहिलं औषध १९४८ साली अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते एक भारतीय. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांची गोष्ट सुरू होते ती मात्र दोन भावांच्या मृत्यूपासून.

केळी विकायला काशीला निघालेला मुलगा

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. गाव भीमावरम, आजच्या आंध्र प्रदेशातलं, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातलं. सात भावंडांचं कुटुंब. वडिलांची नोकरी आजारपणामुळे वेळेआधीच सुटली आणि घराची ओढाताण सुरू झाली. तेरा वर्षांच्या सुब्बारावांनी यावर उपाय शोधला. काशीला जायचं, यात्रेकरूंना केळी विकायची आणि पैसा कमवायचा. ते घरातून पळालेसुद्धा. पण आईने त्यांना शोधून परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं.

शाळेतही गाडी रुळावर नव्हती. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्या प्रयत्नात पास. पुढे मद्रासला प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना रामकृष्ण मिशनकडे ओढले गेले, संन्यास घ्यायचा म्हणाले. तिथल्या स्वामींनी त्यांना आधी वैद्यकी शिकायचा सल्ला दिला. आईचाही संन्यासाला विरोध होता. असे ते मद्रास मेडिकल कॉलेजात पोहोचले.

तो काळ गांधीजींच्या हाकेचा. सुब्बारावांनी विदेशी कापड सोडलं आणि ऑपरेशन थिएटरमध्येही खादीचा गाऊन घालायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना हे रुचलं नाही. याची किंमत पदवीच्या वेळी मोजावी लागली. लेखी परीक्षा चांगली देऊनही त्यांना एमबीबीएस मिळालं नाही, त्याऐवजी एलएमएस ही कमी दर्जाची पदवी हातात पडली. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेत जागा मिळवायचा प्रयत्नही फसला. शेवटी त्यांनी मद्रासच्या एका आयुर्वेदिक कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायची नोकरी धरली.

याच वर्षांमध्ये घरावर घाला आला. काही दिवसांच्या अंतराने दोन भाऊ गेले. आजार होता ट्रॉपिकल स्प्रू, म्हणजे जुनी माणसं ज्याला संग्रहणी म्हणायची तसा. यात आतड्यांची अन्न शोषून घेण्याची ताकदच जाते. जुलाब थांबत नाहीत, जीभ सोलवटते, रक्त कमी होतं आणि खाऊनपिऊनही माणूस वाळत जातो. त्या काळात डॉक्टरांकडे यावर नेमकं औषध नव्हतं.

घरात एक डॉक्टर असूनही दोन भाऊ वाचले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडेच परत येणार आहोत.

हार्वर्डमध्ये दिवसा अभ्यास, रात्री हॉस्पिटलची पडेल ती कामं

उष्णकटिबंधातल्या आजारांचा अभ्यास करायचा म्हणून सुब्बाराव १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बोस्टनला गेले, हार्वर्ड विद्यापीठात. पैशांची सोय सासऱ्यांनी आणि एका धर्मादाय संस्थेने केली होती. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. मागे मुलगा झाला, पण तो तान्हेपणीच दगावला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नाही. काही वर्षांत परत यायचं ठरवून गेलेले सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात आले नाहीत.

बोस्टनमध्ये पोट भरण्यासाठी ते रात्री हॉस्पिटलमध्ये रुग्णांची भांडी साफ करण्यापासून पडेल ते काम करत. डिप्लोमा झाल्यावर ते सायरस फिस्क या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तिथे १९२५ मध्ये दोघांनी रक्तातलं आणि लघवीतलं फॉस्फरस मोजायची एक सोपी रासायनिक पद्धत प्रसिद्ध केली. फिस्क-सुब्बाराव पद्धत. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ती वापरात होती.

याच पद्धतीने स्नायू तपासताना त्यांना आधी फॉस्फोक्रिएटिन सापडलं आणि मग एटीपी. एटीपी म्हणजे पेशीची चलनी नोट. तुम्ही आत्ता स्क्रीनवर बोट फिरवताय, त्यासाठी स्नायू खर्च करतायत ते एटीपीच. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधलं, त्यामुळे हे श्रेय वाटून दिलं जातं.

एवढं करूनही हार्वर्डने सुब्बारावांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. स्वतःचं काम पुढे करायची सवय त्यांना नव्हती, फिस्क यांच्या वाट्याला जास्त श्रेय जाऊ देण्यात त्यांना काही वाटत नसे. पुढे १९८८ मध्ये नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज त्या काळात हार्वर्डमध्येच शिकत होते. सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्क यांनी उजेडात येऊ दिले नाहीत आणि इतरांना ते नंतर पुन्हा शोधावे लागले, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

पालेभाजीतलं व्हिटॅमिन आणि सल्फाचं कोडं

१९४० मध्ये सुब्बारावांनी हार्वर्ड सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत गेले. थोड्याच काळात तिथल्या संशोधनाची सूत्रं त्यांच्याकडे आली. आता हाताशी माणसं होती, यंत्रं होती आणि पैसा होता. त्यांनी एक जुना प्रश्न हातात घेतला. स्प्रूमध्ये आणि गरोदरपणात जे विचित्र अशक्तपण येतं, ते कशाच्या कमतरतेने?

या प्रश्नाचं एक टोक आपल्या मुंबईत होतं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या होत्या. कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिला की या बायका सुधारतात हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते मात्र कळत नव्हतं.

ते काय, हे लेडर्लीच्या टीमने सुब्बारावांच्या नेतृत्वाखाली पक्कं केलं. फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये त्यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केलं. आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला लोहासोबत जी गोळी मिळते, त्यात हेच असतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा अँटिबायोटिकशी काय संबंध? संबंध थेट आहे.

पेनिसिलिनच्याही आधी, १९३० च्या दशकात सल्फा औषधं बाजारात आली होती. ती जंतूंना रोखतात हे दिसत होतं. पॅबा नावाच्या एका पदार्थाशी त्यांचं काहीतरी भांडण आहे हेही १९४० मध्ये लक्षात आलं होतं. पण जंतूला पॅबा लागतो कशाला? फॉलिक ॲसिडची रचना उलगडली आणि कोडं सुटलं, कारण पॅबा हा फॉलिक ॲसिडचाच एक तुकडा निघाला.

म्हणजे होतं असं. आपण फॉलिक ॲसिड जेवणातून घेतो, पालेभाज्या आणि डाळींमधून. बरेचसे जंतू मात्र ते स्वतः घरीच बनवतात. सल्फाचा रेणू दिसायला पॅबासारखा असतो. जंतूचं यंत्र फसतं, पॅबाऐवजी सल्फा उचलतं आणि फॉलिक ॲसिड बनणं थांबतं. ते नाही तर डीएनए नाही, आणि डीएनए नाही तर जंतूची वाढ नाही. आपल्याकडे हे यंत्रच नसल्याने आपण वाचतो.

आज डॉक्टर जी कोट्रायमोक्झाझोल ही गोळी देतात, तिच्यात सल्फासोबत याच साखळीची पुढची कडी तोडणारं ट्रायमेथोप्रिम असतं. तिचे दुष्परिणामही यातूनच समजतात. खूप दिवस घेतली तर काही जणांमध्ये आपलंही फॉलेट कमी पडतं आणि रक्तपेशी घटतात. सल्फाची ॲलर्जी हा वेगळा धोका. अंगावर पुरळ, फोड, तोंडात जखमा दिसल्या तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं असतं, कारण क्वचित ही ॲलर्जी जिवावर बेतते.

फॉलिक ॲसिडची नक्कल करून पेशीला फसवायची ही कल्पना सुब्बारावांच्या टीमने आणखी एका ठिकाणी वापरली. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना त्यांनी फॉलिक ॲसिडविरोधी औषधं करून दिली. १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी त्यातलं अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या मुलांना दिलं. १६ पैकी १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. याचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगात आणि संधिवातात वापरतात. संधिवातात त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून डॉक्टर सोबत फॉलिक ॲसिडची गोळी देतात. औषध आणि त्याचा उतारा, दोन्ही एकाच टीमने हाताळलेले.

मिसुरीच्या मातीतलं सोनेरी औषध

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी डॉक्टरांच्या हातात दोन मोठी अँटिबायोटिक होती. पेनिसिलिन जंतूच्या बाहेरची भिंत बांधू देत नाही, म्हणून जंतू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिन माणसाला सहसा सोसतं. खरा धोका ॲलर्जीचा. पण अनेक प्रकारच्या जंतूंवर ते चालत नव्हतं.

दुसरं स्ट्रेप्टोमायसिन, जे १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते क्षयावर चाललं, पण इंजेक्शननेच द्यावं लागायचं आणि कानाच्या आतल्या भागाला इजा करायचं. काही रुग्ण बरे झाले पण बहिरे झाले किंवा त्यांचा तोल जाऊ लागला.

त्यामुळे हवं होतं ते तोंडाने घेता येणारं आणि अनेक जंतूंवर चालणारं औषध. लेडर्लीमध्ये हे काम होतं बेंजामिन डुगर यांच्याकडे. डुगर वनस्पतीशास्त्रज्ञ, विद्यापीठातून निवृत्त झालेले, वय सत्तरीपार. त्यांनी ठिकठिकाणची माती मागवली. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या जुन्या शेतातून १९४५ मध्ये आलेल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. तो सोनेरी रंगाचा पदार्थ तयार करायचा. औषधाचं नाव ठेवलं गेलं ऑरिओमायसिन. लॅटिनमध्ये ऑरम म्हणजे सोनं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सोशल मीडियावर अनेकदा टेट्रासायक्लिनचा शोध एकट्या सुब्बारावांनी लावला असं लिहिलं जातं. ते खरं नाही. सूक्ष्मजीव शोधला तो डुगर यांनी. त्या संशोधनाला दिशा, माणसं आणि पाठबळ दिलं ते सुब्बारावांनी. एकट्याने श्रेय घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

ऑरिओमायसिनची तऱ्हा पेनिसिलिनपेक्षा वेगळी. जंतूच्या आत रायबोसोम नावाचे प्रथिनं बनवणारे कारखाने असतात. हे औषध तिथे जाऊन चिकटतं आणि कच्चा माल आत येऊच देत नाही. जंतू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते, उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती करते. बऱ्याच जंतूंना हेच कारखाने लागतात, म्हणून औषध टायफसपासून न्यूमोनियापर्यंत चाललं.

जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कला वैज्ञानिकांच्या सभेत ऑरिओमायसिन जगापुढे आलं. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव झोपेतच हृदयविकाराने गेले. वय ५३. त्यांच्या टीमने नुकतंच हत्तीरोगावरचं डीईसी हे औषधही दिलं होतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी ज्या गोळ्या वाटतात, त्यात हे औषध असतं.

दात पिवळे का झाले?

ऑरिओमायसिन गाजलं. मग त्याची भावंडं आली, टेरामायसिन, टेट्रासायक्लिन आणि १९६० च्या दशकात डॉक्सीसायक्लिन. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा लोकांनी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या त्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलसाठीच.

पण सोनेरी औषधाची दुसरी बाजू हळूहळू दिसू लागली. लहानपणी हे औषध घेतलेल्या मुलांचे पक्के दात पिवळे-करडे निघायला लागले. कारण टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटतं. दात आणि हाडं घडतात ती कॅल्शियम आणि फॉस्फरसमधून, आणि घडत असलेल्या दातात औषध कायमचं अडकून बसतं. म्हणून गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही औषधं सहसा देत नाहीत. गंभीर आजारात डॉक्टर मुलांनाही थोडे दिवस डॉक्सी देतात, पण तो निर्णय त्यांचा.

कॅल्शियमचा हा गुण कळला की बाकीच्या सूचनाही कळतात. टेट्रासायक्लिन दुधासोबत घ्यायचं नाही, कारण ते दुधातल्या कॅल्शियमला पोटातच चिकटतं आणि रक्तात पोहोचत नाही. लोहाच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांमध्येही अंतर ठेवायचं. डॉक्सीवर दुधाचा परिणाम कमी होतो, लोह आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांचा मात्र होतो.

डॉक्सी घेताना पेलाभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. उन्हात फिरलात तर कातडी लवकर भाजते. पोटातले चांगले जंतूही मरतात, म्हणून मळमळ, जुलाब किंवा बुरशीचा त्रास होऊ शकतो. आणि जुनी, मुदत संपलेली टेट्रासायक्लिन घ्यायचीच नाही, तिने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आणखी एक दुष्परिणाम शरीराबाहेरचा आहे. ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा कोंबड्यांना खायला घातला तर त्या लवकर वाढतात, हेही लेडर्लीतच दिसून आलं. मग जगभर जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याची रीत पडली. थोडं थोडं औषध सतत मिळाल्याने जंतू सरावले. त्यांनी औषध बाहेर फेकणारे पंप तयार केले आणि एकेकाळी बहुतेक जंतूंवर चालणारं टेट्रासायक्लिन अनेक ठिकाणी निकामी झालं. सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणून खाणारे आपणही यात भर घालतो. सर्दी विषाणूमुळे होते, तिथे यातलं एकही औषध काम करत नाही.

आणि ते दोन भाऊ?

आज एखाद्याला ट्रॉपिकल स्प्रू झाला तर डॉक्टर काय देतात माहितीये? फॉलिक ॲसिड आणि टेट्रासायक्लिन. काही महिन्यांचा कोर्स असतो. आतडी हळूहळू सुधारतात, अन्न अंगी लागायला लागतं आणि बहुतेक रुग्ण बरे होतात.

ज्या आजाराने सुब्बारावांचे दोन भाऊ गेले, त्यावरची ही दोन्ही औषधं त्यांच्याच प्रयोगशाळेतून आली. फॉलिक ॲसिडने स्प्रूचे रुग्ण सुधारतात हे त्यांनी हयातीत पाहिलं. अँटिबायोटिकची जोड मिळाल्यावर उपचार पूर्ण झाला, तो मात्र त्यांच्या मागे.

सुब्बारावांना नोबेल मिळालं नाही. १९४६ पर्यंत अमेरिकेच्या कायद्याने भारतीयांना तिथलं नागरिकत्वही मिळत नव्हतं. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं, आणि एका बुरशीच्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलंय, सुब्बारोमायसिस.

या पावसाळ्यात डॉक्टरांनी डॉक्सी लिहून दिली तर पूर्ण पेला पाण्यासोबत, सांगितलं तितकेच दिवस घ्या. उरलेली गोळी पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका.